सत्ता की राखण?

मुंबई-गोवा महामार्गाने खेड मागे टाकून चिपळूणकडे निघाले की परशुराम घाट उतरण्यापूर्वी लोटे लागते. डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर औद्योगिक विकास महामंडळाची लोटे-परशुराम वसाहत आहे आणि तेथील पुष्कळसे कारखाने रसायनांचे आहेत. घाटाच्या पायथ्याशी वाशिष्ठी वाहते. ती पुढे दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. काही वर्षांपूर्वी आम्ही या रस्त्याने जात असताना लोटे येथे एका परिचितांच्या घरी मुक्काम केला होता. गृहस्थ मूळचे वसईकडचे. नोकरीच्या निमित्ताने कोकणात आलेले आणि तेथेच स्थिरावलेले. संध्याकाळी घरात रोझरी झाली आणि मग आम्ही जेवायला बसलो. ताटात मासळी होती. ती खाडीची का, असे आम्ही सहज विचारले, तेव्हा गृहिणी म्हणाल्या, "खाडीची कुठली हो आता? पूर्वी एक भोईण टोपली घेऊन दारावर यायची. तीही यायची थांबली. ही रत्नागिरीहून आलेली आहे."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग गृहस्थच म्हणाले, "त्या लोकांचे वाईट वाटते. पण तुम्ही एवढे वाचता, तुम्हीच सांगा. पृथ्वी ताब्यात घे, माशांवर सत्ता चालव, असे देवानेच माणसाला सांगितले आहे ना? मग सत्ता चालवायची म्हटल्यावर थोडे इकडे-तिकडे व्हायचेच."

ते हे थट्टेने म्हणत नव्हते. मनुष्य सरळ, देवभीरू. रविवारची मिस्सा न चुकवणारा. मुलांच्या शाळेची फी आणि घराचे हप्ते कारखान्याच्या पगारातून जात होते, आणि त्या पगाराबद्दल मनात कोठेतरी सलणारा काटा त्यांनी पवित्र शास्त्रातल्या एका वचनाने काढून टाकला होता. आम्ही काहीच बोललो नाही. ज्यांचे मीठ खातो आहोत त्यांच्याशी वाद कशाला, असे आम्ही स्वतःला सांगितले. खरे कारण वेगळे होते. आमच्यापाशी उत्तर तयार नव्हते. ते वचन आम्हीही शंभरदा ऐकले होते. पण त्याच्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे, हे कधी मन लावून पाहिले नव्हते.

एखादे वाक्य त्याच्या जागेवरून उचलले की त्याचे काय होते, याचे पहिले उदाहरण खुद्द शुभवर्तमानातच आहे. अरण्यात प्रभू येशूची परीक्षा झाली, तेव्हा सैतानाने त्याला मंदिराच्या टोकावर नेऊन खाली उडी टाकायला सांगितले आणि आधाराला एक्क्याण्णवावे स्तोत्र म्हणून दाखवले. देवदूत तुला हातांवर झेलतील, असे त्या स्तोत्रात खरोखरच आहे. सैतानाने शब्द खोटे सांगितले नव्हते. परंतु देवाच्या आश्रयाला राहणाऱ्या माणसाला संकटात मिळणारा दिलासा, हा त्या स्तोत्राचा विषय आहे. मुद्दाम संकट ओढवून देवाला कसोटीस लावावे, असे ते कोठेही सांगत नाही. सर्पाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट त्याच स्तोत्रात लगेच पुढे येते. सैतान तेथपर्यंत गेलाच नाही! प्रभूने त्याला अनुवादाच्या पुस्तकातल्या दुसऱ्या वचनाने, देवाची परीक्षा पाहू नये या आज्ञेने उत्तर दिले. शास्त्र शास्त्राशी ताडून वाचावे, हा धडा आपल्याला तेथेच मिळतो.

अध्याय आणि वचनांचे आकडे पवित्र लेखकांनी घातलेले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी जोडली जाते. नव्या करारातले वचनांचे आजचे आकडे पॅरिसचे मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी १५५१ साली छापले. शोधायला सोपे जावे म्हणून केलेली ती सोय होती. आपण मात्र त्या आकड्यांच्या कप्प्यांत एकेक वचन सुटे करून ठेवले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापले, लग्नपत्रिकेवर घातले. त्यात वाईट काही नाही. पण दिनदर्शिकेच्या चौकटीत मावते तेवढेच शास्त्र आपल्याला पाठ राहिले, ही खरी अडचण आहे.

आता ते वचन पाहू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले ते अठ्ठाविसावे वचन. परमेश्वर माणसाला आशीर्वाद देतो. फळावे, वाढावे, पृथ्वी भरून टाकावी, ती ताब्यात घ्यावी आणि समुद्रातल्या माशांवर, आकाशातल्या पाखरांवर व जमिनीवरच्या प्राण्यांवर सत्ता चालवावी, असे त्याला सांगतो. आमच्या यजमानांना हे बरोबर आठवत होते. परंतु बोट सहा वचने वर न्यावे. बाविसाव्या वचनात परमेश्वर पाचव्या दिवशी निर्माण केलेल्या जलचरांना आणि पाखरांना आशीर्वाद देतो, आणि तोही जवळजवळ त्याच शब्दांत: फळावे, वाढावे, समुद्राचे पाणी भरून टाकावे. म्हणजे माशांना आशीर्वाद माणसाच्या आधी मिळाला आहे! मागून आलेल्याला दिलेली सत्ता आधीच्याला दिलेला आशीर्वाद पुसून टाकण्यासाठी असेल, असे मानणे म्हणजे परमेश्वर एका दिवशी बोलला ते दुसऱ्या दिवशी विसरला असे म्हणणे आहे. ज्या सत्तेने खाडी रिकामी होते ती सत्ता बाविसाव्या वचनाविरुद्ध जाते. मग ती अठ्ठाविसाव्या वचनाचा आधार कशी घेऊ शकेल?

मूळ हिब्रू शब्दही आपल्याला मदत करतो. सत्ता चालवणे यासाठी तेथे 'रादा' हे क्रियापद आहे, आणि शब्द कडक आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तोच शब्द शास्त्रात आणखी कोठे येतो ते पाहावे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात, कर्जापायी चाकरीत आलेल्या भावावर कठोरपणे सत्ता चालवू नये, अशी आज्ञा आहे. यहेज्केल संदेष्टा चौतिसाव्या अध्यायात इस्राएलच्या मेंढपाळांवर आरोप ठेवतो तो हाच, की दुबळ्यांना त्यांनी बळ दिले नाही, जखमींना बांधले नाही, जबरदस्तीने आणि क्रूरपणे सत्ता मात्र चालवली. बहात्तराव्या स्तोत्रात समुद्रापासून समुद्रापर्यंत राज्य करणाऱ्या आदर्श राजाचे वर्णन आहे. आणि त्याचे मोठेपण कशात, तर हाक मारणाऱ्या दीनाला तो सोडवतो यात. शास्त्राच्या दृष्टीने सत्ता ही राजाची वा मेंढपाळाची जबाबदारी आहे, आणि तिचा हिशेब द्यावा लागतो.

शिवाय हे शब्द प्रथम कोणाच्या कानी पडले? उत्पत्तीचा पहिला अध्याय बाबिलोनमधील बंदिवासाच्या सुमारास, म्हणजे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात, आजचे रूप पावला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. बाबिलोनच्या कथेत माणूस हा देवांचे कष्ट उपसण्यासाठी घडवलेला चाकर होता. देवाची प्रतिमा म्हणून गौरव व्हायचा तो राजाचा. अशा ठिकाणी, घरदार आणि मंदिर गमावलेल्या लोकांना हा अध्याय सांगतो की प्रत्येक स्त्री आणि प्रत्येक पुरुष देवाच्या प्रतिरूपाचा आहे. बलवानाच्या हाती परवाना देण्यासाठी हे लिहिलेले नाही. पिचलेल्याची मान वर व्हावी म्हणून लिहिले आहे. हे वचन दाभोळ खाडीतल्या एखाद्या भोयाने आपल्या बाजूने म्हटले, तर ते आमच्या यजमानांच्या तोंडी शोभते त्यापेक्षा कितीतरी अधिक शोभेल.

आणि अध्याय येथे संपत नाही. दुसरा अध्याय लगेच येतो. पंधराव्या वचनात परमेश्वर माणसाला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. मशागतीचे हिब्रू क्रियापद 'आबाद'. त्याचा दुसरा अर्थ सेवा करणे. राखणीचे 'शामार'. आम्हा मराठी माणसांना हा दुसरा शब्द समजावून सांगावा लागू नये. पीक तयार होत आले की कोकणात शेताची राखण असते. देवराईला कोयता लावायचा नाही, ती राखायची असते. गावाच्या सीमेवरच्या दैवताला लोक राखणदार म्हणतात. राखणदाराने मालक होऊन पीक कापून नेले तर त्याला काय म्हणायचे, हेही आपल्या भाषेने ठरवून ठेवले आहे: कुंपणानेच शेत खाल्ले!

आणखी दोन अध्याय पुढे गेल्यावर हेच 'शामार' पुन्हा भेटते. हाबेलला मारून आलेला काइन देवालाच उलट विचारतो की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? बागेची राखण आणि भावाची राखण यांसाठी शास्त्राने एकच शब्द वापरला आहे. तेथे भावाचे रक्त ओरडते तेही भूमीतून. भूमीचे नुकसान वेगळे आणि भावाचे वेगळे, असा हिशेब शास्त्राला ठाऊकच नाही.

लोट्याच्या बाबतीत हा हिशेब कसा एकच आहे, हे सरकारी कागदांतही नोंदले गेले आहे. केंद्र सरकारने २०१० साली डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला. त्याने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. त्या अहवालात लोट्याच्या वसाहतीची दखल घेतलेली आहे. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला येणारे सांडपाणी पेलत नव्हते आणि दाभोळ खाडीतली मासळी घटून मच्छीमारांचा रोजगार बुडाला होता, असे त्यात म्हटले आहे. वसाहतीने सुमारे अकरा हजार लोकांना काम दिले, तर वीस हजार मच्छीमारांचे काम गेले असे मच्छीमारांचे म्हणणे होते. दुसरा आकडा मच्छीमारांचा आहे, म्हणून त्यावर वाद होऊ शकेल. पण तो निम्मा धरला तरी प्रश्न निम्मा होत नाही.

येथे उलट बाजूची चूकही टाळायला हवी. शास्त्र कारखान्यांच्या विरुद्ध आहे, रसायन म्हणजे पाप, असे वचनांच्या आधाराने सिद्ध करू पाहणारेही भेटतात. तेही वचने सुटी करूनच वाचत असतात. ज्या बागेत राखण सांगितली तेथेच मशागतही सांगितली आहे. हात लावायचा नाही असे देव म्हणाला नाही. आपल्या घरातली औषधे, कपड्यांचे रंग, शेतातली फवारणी अशाच कुठल्या तरी वसाहतीतून येते. आमचे यजमान पापी आणि आम्ही निर्मळ, असा निवाडा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. शास्त्र कोणाला नोकरी सोडायला सांगत नाही. पण नोकरीतला सल वचनाने बधिर करू नये, एवढे निश्चित सांगते.

असा बधिरपणा आणणारी वचने आपण आणखीही वापरतो. गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील, असे प्रभू म्हणाला, तेव्हा गरिबी हटायची नाही, हे त्यांतले एक. मार्कच्या चौदाव्या अध्यायात हे वाक्य पुरे केलेले आहे: तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचे भले करू शकता. प्रभूचे शब्द अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण देणारे आहेत, आणि देशात गरीब असतीलच असे म्हटल्यावर तेथे लगेच आज्ञा येते की म्हणून तू आपला हात मोकळा सोड. म्हणजे ज्या वाक्यातून आपण हात आखडता घेतो, ते वाक्य मुळात हात उघडायला सांगणारे आहे.

दुसरे वचन, दोष काढू नका. गावातला कोणी ओढ्याच्या पाण्याबद्दल बोलू लागला की त्याला हे ऐकवले जाते. पण मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभू तेथे थांबत नाही. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे तो म्हणतो. कुसळ काढायचेच आहे; फक्त क्रम सांभाळायचा आहे. त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहायला सांगितले आहे, आणि पारख केल्यावाचून सावध कसे राहणार?

तिसरे वचन आम्हाला स्वतःला भोवले आहे. एका कारखान्यातल्या अपघातात गेलेल्या तरुण कामगाराच्या घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो. बोलायला शब्द सुचेनात, तेव्हा आम्ही त्याच्या पत्नीला म्हणालो की देव सोसवेल तेवढेच देतो. तिने मान वर करून विचारले, "म्हणजे हे देवाने दिले?" आम्ही खाली पाहिले. घरी येऊन पवित्र शास्त्र उघडले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात संत पौल अरण्यातल्या इस्राएल लोकांच्या मूर्तिपूजेबद्दल, त्यांच्या वासनेबद्दल आणि कुरकुरीबद्दल बोलत आहे. शक्तीपलीकडचा मोह देव येऊ देणार नाही, मोहातून निसटायची वाट तो दाखवील, असा तेथे अर्थ आहे. गोष्ट मोहाची आहे; दुःखाची नाही. दुःखाबद्दल पौलाला काय वाटत होते ते दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात वाचायला मिळते: आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नाही, असे तो स्वतःच लिहितो. सोसवत नाही असे म्हणायला संत पौलाला लाज वाटली नाही. त्या विधवेला मात्र आम्ही ते म्हणू दिले नाही.

लोट्याच्या वसाहतीत मार्च २०२१ मध्ये एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या जुलैत चिपळूण पुरात बुडाले. अशा वेळी कोणाच्या तरी पापाचे फळ म्हणून बोट दाखवणारे आपल्यातही निघतात. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याची हकीकत येते. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणून सांगतो. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो: पश्चात्ताप तुम्ही करा. मेलेल्यांच्या पापाची चौकशी तो बंद करतो आणि जिवंतांच्या वागण्याची सुरू करतो. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की मेलेल्यांनी काय केले होते हे विचारण्याऐवजी पुढचा बुरूज कोसळू नये म्हणून आपण काय करतो, हे विचारावे.

सगळेच वाचक हिब्रू आणि ग्रीक शिकू शकणार नाहीत. मराठी माणसांत तेही घडले आहे: पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. त्याच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी तारणाची कथा सलग सांगितली. येथे महत्त्वाचा शब्द सलग हा आहे. पुराण ऐकणाऱ्याला कथेचे आधीचे आणि नंतरचे ठाऊक असते. आम्हा कॅथलिक कुटुंबांत पवित्र शास्त्र घरी वाचण्याची सवय उशिरा आली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरील संविधान प्रसृत केले. त्यात लेखकाला काय सांगायचे होते, कोणत्या साहित्यप्रकारात तो लिहीत होता आणि संपूर्ण शास्त्राची एकात्मता काय आहे, याकडे लक्ष देण्यास बजावले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात उत्पत्तीच्या याच वचनाचा विषय काढून ते दुसऱ्या अध्यायातल्या मशागत आणि राखण या शब्दांसह, संदर्भात वाचावे असे सांगितले. आणि मराठीत 'सुबोध बायबल' देणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेच हरित वसईच्या चळवळीचेही पुढारी होते. वाचन आणि राखण ही एकाच माणसाच्या हातून झालेली कामे होती.

तेव्हा घरात करता येईल ते सोपे आहे. वचन आठवले की त्याचा पूर्ण अध्याय वाचावा. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे विचारावे. तोच विषय शास्त्रात इतरत्र कसा आला आहे, ते पाहावे. आणि शेवटी स्वतःला विचारावे की हा अर्थ मला आवडतो तो खरा आहे म्हणून, की सोयीचा आहे म्हणून? संत ऑगस्टीन यांनी कसोटी सांगून ठेवली आहे: ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अद्याप समजलेले नाही. ही कसोटी आम्ही प्रथम स्वतःला लावली, तेव्हा त्या विधवेच्या दारातले आमचे वाक्य तीवर टिकले नाही.

लोट्याच्या त्या घरी आम्ही पुढे एक पत्र लिहिले. त्यात उपदेश केला नाही. उत्पत्तीचा पहिला आणि दुसरा अध्याय संध्याकाळच्या रोझरीनंतर घरच्यांसमवेत सलग वाचावा, एवढेच सुचवले, आणि त्या रात्री गप्प राहिल्याबद्दल क्षमा मागितली. उत्तर आले त्यात यजमानांनी लिहिले होते की बाविसाव्या वचनाशी धाकट्या मुलीने थांबवले आणि विचारले, "पप्पा, मग माशांना दिलेला आशीर्वाद कुठे गेला?" तिला काय सांगायचे ते अजून सुचलेले नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले होते, पण कारखान्यातल्या सुरक्षा आणि सांडपाण्याच्या बैठकीत आजवर आपण नुसती सही करून येत होतो, यापुढे बसून राहू, असेही शेवटी लिहिले होते.